बीपी उतरलं म्हणता, पण कोणापेक्षा?

मार्च लागला की आमच्याकडे थिसिसचा सिझन सुरू होतो. बाहेर ऊन तापायला लागलेलं, कूलरचा वाळा बदलायचा राहिलेला, आणि माझ्या टेबलावर स्पायरल बाइंडिंगचे गठ्ठे. मी नर्सिंग आणि फिजिओच्या पोरापोरींना बायोस्टॅट (आरोग्याच्या अभ्यासांचं संख्याशास्त्र) शिकवते, म्हणजे सॅम्पल साइज किती घ्यायचा इथपासून ते "मॅडम, पी व्हॅल्यू ०.०६ येऊन राहिली, काही करता नाही येत का" (पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता, ती ०.०५ च्या खाली आली तरच निकाल धरतात) इथपर्यंत सगळं माझ्याच डोक्यावर. आणि दरवर्षी त्या गठ्ठ्यात चार-पाच थिसिस हमखास एकाच विषयाचे असतात. हाय बीपीचे पेशंट, स्वतःची काळजी स्वतः कशी घ्यायची त्याचं शिक्षण, आणि त्या शिक्षणाचा "परिणाम".

डिझाइनही ठरलेलं. एका हॉस्पिटलच्या ओपीडीतून पन्नास-साठ पेशंट धरायचे, त्यांना तीस प्रश्नांचा पेपर द्यायचा (मीठ दिवसाला किती खावं, गोळी चुकली तर काय करावं, चालायला किती वेळ जावं वगैरे), मग फ्लिपचार्ट घेऊन पाऊण तास शिकवायचं, सातव्या दिवशी परत तोच पेपर. मार्क वाढतात. पेअर्ड टी-टेस्ट (त्याच माणसांचे आधीचे आणि नंतरचे मार्क ताडून पाहायची टेस्ट) लावली की पी व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी. निष्कर्ष: शिक्षण कार्यक्रम परिणामकारक आहे.

अहो तीच माणसं, तेच प्रश्न, मधे तुम्ही उत्तरं सांगून आलात, मार्क वाढणार नाही तर काय होणार! आणि पूर्ण थिसिसभर शोधलं तरी बीपी मोजल्याचा पत्ता नाही.

पोरींवर माझा राग नाही. त्यांना वॉर्डच्या ड्युट्या असतात, वेळ तोकडा, पैसा स्वतःचा, आणि गाइड सांगते मागच्या वर्षीच्या थिसिससारखं कर. खरी अडचण पुढे होते. यातलेच निम्मे कुठल्यातरी जर्नलमधे पैसे भरून छापून येतात, मग कोणीतरी असे वीस पेपर गोळा करून रिव्ह्यू लिहितो, रिव्ह्यूत लिहिलेलं असतं की "बहुतांश अभ्यासांत स्व-काळजीचं शिक्षण प्रभावी आढळलं", आणि तिथून ते वर्कशॉपच्या स्लाइडवर आणि फॅमिली ग्रुपवर येऊन पडते. वीस कच्चे अभ्यास एकत्र केले म्हणून एक पक्का होत नाही, हे मात्र कोणी लिहीत नाही.

तर असा पेपर हातात आला की मी काय पाहते ते जरा मोकळेपणी लिहून काढते, म्हणजे दरवर्षी तेच तेच सांगायचा माझा घसा वाचेल.

सगळ्यात आधी, मोजलं काय? माहिती असणं, तसं वागणं, बीपी खाली येणं, आणि लकवा किंवा हार्ट अटॅक टळणं, हे चार वेगवेगळे टप्पे आहेत आणि पहिल्यावरून चौथ्यावर उडी मारता येत नाही. मिठाने बीपी वाढतं हे माहीत नसलेला माणूस नागपुरात शोधून दाखवा. माहीत सगळ्यांना आहे, ताटात लोणचंही सगळ्यांच्या आहे. वागणं मोजतात तेही विचारूनच. "मागच्या सात दिवसांत किती दिवस मीठ कमी खाल्लं?" समोर पांढऱ्या कोटातली मुलगी पेन घेऊन बसली आहे, कालपर्यंत तिनेच मीठ कमी करा म्हणून सांगितलं, आता माणूस तिला काय सांगणार, सातच सांगणार ना. मीठ खरंच किती खाल्लं हे पाहायचं तर २४ तासांची लघवी गोळा करून त्यातलं सोडियम मोजतात. तो डबा घेऊन दिवसभर फिरायला कोणीच राजी नसतं, म्हणून फार कमी लोक ते करतात, पण ज्या पेपरमधे ते केलं आहे तो मी खुर्ची ओढून वाचते. गोळ्यांचंही तसंच. "नियमित घेता का" विचारणं वेगळं, उरलेल्या गोळ्या मोजणं वेगळं, आणि दुकानातून खरंच किती वेळा औषध उचललं ते पाहणं आणखी वेगळं.

बरं, बीपी मोजलं असेल तर मग कसं मोजलं?

मागे एका शिबिरात मी नुसती बाजूला बसून पाहत होते. हॉल दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट बंद. एक काकाजी जिना चढून आले, अजून धापा टाकत आहेत, खुर्चीत बसले न बसले तोच शर्टाची बाही वर सरकवली, ती दंडावर दोरीसारखी घट्ट झालेली, त्याच्याखाली पट्टा गुंडाळला, हात खाली लोंबता, आणि पंप दाबता दाबता सिस्टर विचारते "काकाजी, नाश्ता झाला का?" काकाजी सांगून राहिले, हो ना, तर्री पोहा खाल्ला, थोडी तर्री जास्तच झाली. यात चुका किती झाल्या ते तुम्हीच मोजा. पाच मिनिटं शांत बसवलं नाही, पाठ टेकलेली नाही, हात छातीच्या लेव्हलला टेबलावर नाही, वर गप्पा चालू. अमेरिकेतल्या २०२४ च्या एका ट्रायलमधे नुसत्या हाताच्या पोझिशनचा फरक मोजला, हात मांडीवर ठेवला तर वरचं बीपी सुमारे ४ पॉइंटने आणि बाजूला लोंबता ठेवला तर साडेसहा पॉइंटने जास्त दिसलं. २०२३ मधे पट्ट्याच्या साइजवर असंच एक काम झालं. ज्यांच्या दंडाला एक्स्ट्रा लार्ज पट्टा पाहिजे त्यांना रेग्युलर पट्टा लावला तर आकडा सुमारे साडेएकोणीस पॉइंट वर गेला. वीस पॉइंट! इथे आपण चार पॉइंट उतरले म्हणून पेपर छापतो.

आता समजा पहिलं माप त्या दुसऱ्या माळ्यावरच्या गडबडीत घेतलं आणि महिन्याने फॉलोअपचं माप खालच्या रूममधे, निवांत, पंख्याखाली. काकाजींनी काहीही न करता बीपी उतरलेलं दिसेल. म्हणून मेथड्समधे मी शोधते: किती वेळ बसवलं, किती वेळा मोजलं, मशीन कुठलं आणि ते व्हॅलिडेट झालेलं आहे का, मोजणाऱ्याला हा पेशंट कुठल्या ग्रुपचा हे माहीत होतं का. "स्टँडर्ड प्रोसिजरने बीपी मोजण्यात आले" एवढंच लिहिलं असेल तर मी तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढते.

आणखी एक गंमत. कच्ची शीट मागायची आणि शेवटचा आकडा पाहायचा. १३०/८०, १४०/९०, १५०/९०, १४०/८०, १४०/९०... पाऱ्याच्या मशीनवर खुणा दोन-दोनच्या असतात, म्हणजे शेवटी शून्य येणारी रीडिंग साधारण पाचात एक असायला पाहिजे. शीटवर सगळीकडे शून्यच असेल तर समजायचं की घाईघाईत अंदाजे आकडा टाकला आहे. हे पाहायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही, आणि गाइडलाही हे क्वचितच सुचतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यावर माझा सगळा जीव आहे. कंट्रोल ग्रुप, म्हणजे तो कार्यक्रम न देता नुसता ताडून पाहायला ठेवलेला दुसरा ग्रुप. नागपुरात मे संपता संपता कोणी रोज अंगणात पाणी शिंपडलं आणि पंधरा-वीस दिवसांनी पारा उतरला, तर शिंपडण्याने उतरला म्हणायचं का? मृग लागला ते पाहायचं की नाही? बीपीचंही तेच आहे. बीपी दिवसभर वरखाली होत राहतं, आणि आपण अभ्यासात घेतो कोणाला, तर ज्यांचं त्या दिवशी १४० च्या वर निघालं त्यांना. त्यातल्या काहींचं फक्त त्याच दिवशी जास्त होतं. परत मोजलं की ते आपोआप खाली येणार, तुम्ही शिकवा की शिकवू नका. शिवाय आपल्याला पाहून राहिले, परत बोलावून राहिले, एवढ्यानेच माणूस जरा गोळ्या वेळेवर घेतो. त्यामुळे एकाच ग्रुपचा आधीचा आणि नंतरचा आकडा हातात देऊन "फरक पडला" म्हणणाऱ्या पेपरवर माझा विश्वास बसत नाही, मग पी व्हॅल्यूला कितीही शून्य असोत.

हे किती मोठं प्रकरण होऊ शकते याचं उदाहरण स्व-काळजीतलं नाही पण बीपीतलंच आहे. किडनीकडे जाणाऱ्या धमनीच्या आजूबाजूच्या नर्व्ह्ज कॅथेटरने जाळायची एक प्रोसिजर आहे. २०१० च्या सिंप्लिसिटी-२ ट्रायलमधे सहा महिन्यांत वरचं बीपी ३२ पॉइंटने उतरलं, कंट्रोलमधे जवळजवळ काहीच नाही, आणि जगभर लोक खूश झाले. पण त्या कंट्रोलवाल्यांना आपल्याला काही केलं नाही हे माहीत होतं. २०१४ मधे सिंप्लिसिटी-३ मधे ५३५ लोक घेतले आणि कंट्रोलवाल्यांनाही टेबलावर घेऊन अँजिओग्राफी केली, फक्त नर्व्ह जाळली नाही, आणि कोणाचं काय केलं ते पेशंटला सांगितलं नाही. खरी प्रोसिजर झालेल्यांचं बीपी सुमारे १४ ने उतरलं. खोटी झालेल्यांचं जवळपास १२ ने. बत्तीसातले तीस गेले आणि हाती राहिले दोन, तेही संख्याशास्त्राच्या हिशोबात न बसणारे. (पुढे सुधारलेल्या उपकरणांनी परत ट्रायल झाल्या आणि थोडा खरा फायदा दिसला, पण तो पहिल्या बत्तीसच्या जवळपासही नाही.)

आपल्या देशातलं उदाहरण पाहायचं तर एमवेलकेअर. हरियाणा आणि कर्नाटकातली ४० सामुदायिक आरोग्य केंद्रं, बीपी आणि शुगरचे ३६९८ पेशंट, निकाल २०१९ मधे छापला. काही केंद्रांत नर्सला टॅबलेट दिला, त्यात पेशंटची सगळी नोंद, पुढे काय करायचं त्याचा सल्ला, पेशंटला आठवणीचे मेसेज. बाकीच्या केंद्रांत टॅबलेट नाही, पण स्टाफला ट्रेनिंग दिलं आणि उपचाराचे चार्ट भिंतीवर लावले. वर्षाने पाहिलं तर बीपी दोन्हीकडे उतरलं, आणि दोन्हींतला फरक एक पॉइंट, म्हणजे नसल्यासारखाच. आता कल्पना करा, दुसरा ग्रुपच नसता तर? फ्लेक्स लागले असते चौकाचौकात. ज्यांनी हा निकाल आहे तसा छापला त्यांना मी मनापासून मानते, असं छापायला हिंमत लागते.

इथे पोरी विचारतात, मॅडम मग ब्लाइंडिंग, म्हणजे कोण कुठल्या ग्रुपात ते कळू न देणं, कसं करायचं? बरोबर आहे, करता येत नाही. अळणी वरण खाणाऱ्याला ते अळणी आहे हे कळणारच, आणि शिकवलेल्या माणसाला आपल्याला शिकवलं हे माहीतच असणार. म्हणून तर क्वालिटीचे मार्क देऊन बेरीज करायची पद्धत मला पटत नाही. १९९६ ची जडाद स्केल आहे, पाच मार्कांची, त्यात दोन मार्क डबल ब्लाइंडिंगचे (पेशंट आणि मोजणारा दोघांनाही ग्रुप माहीत नसण्याचे). म्हणजे स्व-काळजीचा अभ्यास जगातला सगळ्यात चांगला केला तरी तीनच्या वर जाऊच शकत नाही, आणि कुठली तरी गोळी देऊन बाकी सगळा गोंधळ घातलेला अभ्यास चार घेऊन बसतो. तरी आमच्याकडे रिव्ह्यूत टेबल करतात, तीन आणि वर म्हणजे "गुड". कॉक्रेनवाले (ट्रायल गोळा करून रिव्ह्यू करणारी जगभरची संस्था) बेरीज करूच नका म्हणतात. त्यांचं २०१९ चं रिस्क ऑफ बायसचं नवीन टूल पाच गोष्टी वेगवेगळ्या पाहायला लावतं: कोण कुठल्या ग्रुपात त्याच्या चिठ्ठ्या नीट टाकल्या का, ठरवलेल्या उपचारापासून लोक किती आणि कशामुळे सरकले, किती लोकांचा निकालच हाती नाही, निकाल मोजला कसा, आणि छापताना सोयीचं तेवढं निवडलं का.

स्व-काळजीत पेशंटला आंधळं करता येत नसेल पण मोजणाऱ्याला करता येते. ऑटोमॅटिक मशीन, पेशंट एकटा खोलीत, आकडा मशीनच्या मेमरीत. एवढं केलं तरी मला चालते.

आणि ते तिसरं, हाती न आलेले निकाल, त्याकडे जास्त लक्ष द्या. शंभर लोकांनी सुरुवात केली आणि सहा महिन्यांनी सत्तर आले. न आलेले तीस कोण? ज्यांनी चालणं सोडलं, मीठ सोडलं नाही, आणि आता सिस्टरला तोंड दाखवायची लाज वाटते ते. सत्तरांचीच सरासरी काढली की कार्यक्रम भारी दिसतो. ज्याला ज्या ग्रुपात टाकलं त्याचा हिशोब त्याच ग्रुपात ठेवला का, आणि गळालेले दोन्हीकडे सारखे आहेत का, हे पेपरातल्या फ्लोचार्टमधे (किती घेतले, किती गळाले त्याची आकृती) दोन मिनिटांत दिसते. फ्लोचार्टच नसेल तर तेही उत्तरच झालं.

सोयीचं निवडून छापणं पकडायला आपल्याकडे सीटीआरआय आहे, भारताची ट्रायल रजिस्ट्री, २००७ मधे सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते. फुकट आहे, कोणीही उघडून पाहू शकतो. तिथे मुख्य निकाल म्हणून "सहा महिन्यांनी बीपी" लिहिलं आहे आणि छापलेल्या पेपरात मुख्य निकाल "तीन महिन्यांनी ज्ञान" झाला असेल, तर मधे काय झालं असेल ते सांगायला नको.

पैशाचंही पाहायचं. हळू श्वास घ्यायला लावणारं एक मशीन बाजारात आहे, कानात सूर वाजतो त्याप्रमाणे श्वास घ्यायचा. २०१२ मधे त्यावरच्या ८ ट्रायल एकत्र केल्या, ४९४ लोक, वरचं बीपी साडेतीन-पावणेचार पॉइंटने कमी झालेलं दिसलं. मग ज्या ट्रायलमधे बनवणाऱ्या कंपनीचा हात होता त्या बाजूला काढल्या, आणि फायदाच गायब. मी स्वतः सकाळी अनुलोम-विलोम करते, बरं वाटते म्हणून करते आणि करत राहीन, पण त्याने माझी गोळी सुटेल असं मला कोणी पेपर दाखवून सांगू नये.

मोठ्या जर्नलच्या नावाला भुलायचं नाही याची गोष्ट आमच्या घरातच घडली. माझ्या घरच्या काकाजींचा मेसेज आला, बीपीची गोळी रात्री झोपताना घेतली तर हार्ट अटॅक निम्मे होतात, मी आजपासून रात्री घेऊन राहिलो. मी फोन केला तर म्हणतात, "अगं, मोठ्या युरोपच्या जर्नलमधी आलं म्हणते, एकोणीस हजार लोकांवर, तू काऊन नाही म्हणून राहिली?" ते चुकीचं सांगत नव्हते. स्पेनची हायजिया ट्रायल, १९,०८४ लोक, २०१९ मधे आली, आणि रात्री गोळी घेणाऱ्यांत हृदयाचे मोठे त्रास ४५ टक्के कमी असं लिहिलं होतं. आकडा वाचूनच मला खटकलं होतं, कारण हिशोब करून पाहा. २०२१ मधे ४८ ट्रायलचे साडेतीन लाखांच्या जवळपास लोक एकत्र करून काढलेला अंदाज असा की वरचं बीपी ५ पॉइंटने उतरवलं तर असे त्रास सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे गोळी देऊन जेवढा फायदा, त्याच्या कितीतरी पट फायदा तीच गोळी नुसती सकाळची रात्री केल्याने? हे पचत नाही. चिठ्ठ्या कशा टाकल्या यावर पुष्कळ प्रश्नही उठले. मग २०२२ मधे ब्रिटनची टाइम ट्रायल आली, २१,१०४ लोक, पाच वर्षांच्या वर पाहिले. असे मोठे त्रास रात्री घेणाऱ्यांत ३.४ टक्के जणांना झाले, सकाळी घेणाऱ्यांत ३.७ टक्के, फरक नाहीच म्हणायचा. काकाजींना म्हटलं, ज्या वेळी तुम्ही विसरत नाही त्या वेळी घ्या. ते म्हणाले, "रात्रीची तर मी हमखास विसरतो." मग झालं, सकाळीच घ्या, चहासोबत.

आता एवढं सगळं वाचून वाटेल की ही बाई कशालाच चांगलं म्हणत नाही. तसं नाही. घरी मशीनने बीपी मोजण्यावर २०१७ मधे एक फार नीट काम झालं. २५ ट्रायलमधल्या १०,४८७ लोकांची एकेकाची माहिती मिळवून हिशोब केला. नुसतं घरी मोजायला सांगितलं तर वर्षाने फायदा एक पॉइंट. मोजण्यासोबत गोळ्यांचा डोस बदलण्याची पक्की व्यवस्था, शिक्षण, सल्ला असं नेटाने केलं तर सहा पॉइंट. मला हा निकाल फार आवडतो, कारण तो दोन्हीकडच्या लोकांना गप्प करतो. मशीन घेऊन कपाटात ठेवणाऱ्यांनाही, आणि "घरी मोजून काही होत नाही, उगाच टेन्शन" म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही. ब्रिटनमधे २०१० च्या एका ट्रायलमधे तर ५२७ पेशंटपैकी निम्मे घरी मोजून, डॉक्टरशी आधी ठरवलेल्या प्लॅनप्रमाणे स्वतःच डोस वाढवत होते, आणि वर्षाने नेहमीच्या उपचारापेक्षा ५.४ पॉइंट जास्त उतरले. प्लॅन आधी ठरलेला होता हे वाक्य परत वाचा, उद्या कोणी माझं नाव सांगून गोळ्या वाढवायच्या नाहीत.

शेवटचा मुद्दा, अभ्यास पक्का असला तरी आपल्या घरात बसतो का? डॅश डाएटची १९९७ ची ट्रायल डिझाइनला एक नंबर. ४५९ लोक, फळं-भाज्या आणि कमी फॅटचं दूध-दही असलेल्या आहाराने हाय बीपीवाल्यांचं वरचं बीपी ११.४ पॉइंटने जास्त उतरलं. पण त्यांना सगळं जेवण शिजवून, मोजून हातात दिलं होतं. धरमपेठेतल्या कोणत्या काकूला कोण आठ आठवडे डबा आणून देणार आहे? म्हणजे आहारात ताकद आहे हे त्या ट्रायलने सिद्ध केलं, लोकांना सांगितलं की लोक तसं खातील हे त्यात तपासलंच नव्हतं. पेपरात मात्र सर्रास दुसऱ्यासाठी पहिल्याचा दाखला देतात.

याच्या उलट चीनची सॉल्ट सब्स्टिट्यूटची ट्रायल, २०२१ ची. ६०० गावं, जवळपास २१ हजार माणसं, ज्यांना आधी लकवा होऊन गेला आहे किंवा साठीच्या वर असून बीपी जास्त आहे. निम्म्या गावांना साध्या मिठाऐवजी ७५ टक्के नेहमीचं मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मिक्स दिलं. पाच वर्षांच्या आसपास पाहिलं, आणि लकवा १४ टक्क्यांनी कमी झाला. पेपर-बिपर नाही, प्रश्नावली नाही, सरळ लकवा मोजला. तिथे हे चाललं कारण त्या गावांत बहुतेक मीठ घरच्या चुलीवरच पडते, पाकिटातून येत नाही. आपल्याकडेही मीठ आपल्याच हाताने पडते, भाजीत, वरणात, लोणच्यात, उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या पापड-सांडग्यांत. त्यामुळे हा निकाल मला अमेरिकेतल्या दहा निकालांपेक्षा जवळचा वाटतो. फक्त एक पाहायचं, की किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय डबा बदलायचा नाही. कोणाला घेतलं नाही, हे पेपरमधे वाचायचं ते याचसाठी.

आपल्या शेजारचं आणखी एक, कोब्रा-बीपीएस, २०२० मधे आलं. बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंकेतल्या ३० खेड्यांच्या वस्त्या, २६४५ माणसं. गावातल्याच आरोग्य सेविका घरी जाऊन बीपी मोजायच्या, समजावून सांगायच्या, जास्त असेल त्याला सरकारी डॉक्टरकडे पाठवायच्या, आणि त्या डॉक्टरांनाही ट्रेनिंग दिलं होतं. दोन वर्षांनी नेहमीच्यापेक्षा ५.२ पॉइंट जास्त उतार. आपल्या आशाताईंच्या कामाशी इतकं जुळणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही, तरी थिसिसच्या रेफरन्समधे ते मला क्वचित दिसते, आणि फ्लिपचार्टवाले वीस पेपर हमखास दिसतात.

तर यावर्षी मी एक खटपट करून राहिली आहे. पाच पोरींनी पाच वेगवेगळे छोटे अभ्यास करण्यापेक्षा पाचही जणींनी एकच प्रोटोकॉल घ्यायचा, प्रत्येकीचं सेंटर वेगळं, एकीकडे मेडिकलची (सरकारी मेडिकल कॉलेजची) ओपीडी, एकीकडे शहरातलं आरोग्य केंद्र, एक काटोलकडची, एक उमरेडची असं. कंट्रोल ग्रुप, सीलबंद चिठ्ठ्या, ऑटोमॅटिक मशीन, मोजायला दुसऱ्या सेंटरची मुलगी, फॉलोअप सहा महिन्यांचा, सीटीआरआयवर आधी नोंद. सगळ्यांचे पेशंट मिळून तीनशेच्या वर जातात, म्हणजे पाच पॉइंटचा फरक दिसायला पुरेसे. प्रत्येकीने आपल्या सेंटरचा थिसिस लिहायचा आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक पेपर. पोरी तयार आहेत. गाइड लोकांचं म्हणणं, पाच थिसिसचा विषय सेम कसा चालेल, विद्यापीठ काय म्हणेल. मी म्हटलं आत्ताही विषय सेमच असतात, फक्त एकमेकींना माहीत नसते. तरी कमिटीला लेखी काहीतरी दाखवावं लागेल. तुमच्या कॉलेजात असं मिळून केलेलं असेल तर त्या परवानगीच्या अर्जाचा नमुना मला पाठवा, जूनच्या मीटिंगच्या आत पाहिजे.